गंगनाथ विद्यालयाचा शोध



मठाच्या वर्धापनोत्सवात प्रतिवर्षी एखाद्या शास्त्रार्थाचे निरूपण व्हावे अशी आपली परिपाटी आहे. यंदा माझ्याकडे ही सेवा आली तेव्हा एखादे उपनिषद्वाक्य घ्यावे, असे प्रथम मनात होते. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत पाठशाळेतील अध्यापन सांभाळून मी ज्या शोधात गुंतलो होतो, तो श्रीमहाराजांच्या कानी आला होता. ‘तेच सांगा’ अशी आज्ञा झाली. आज्ञेपुढे निवड उरत नाही. म्हणून आज वेदान्ताऐवजी बडोद्यातील एका अल्पजीवी शाळेविषयी बोलणार आहे.

या शोधाचे मूळ माझ्या एका चुकीत आहे, ती आधी सांगितली पाहिजे. आमच्या पाठशाळेच्या ओसरीवर मी एक फलक रंगवून लावला होता. बडोद्याच्या जुन्या विद्यास्थानांची नावे त्यावर होती. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१५ साली स्थापिलेले संस्कृत महाविद्यालय होते, त्याहून जुने कलाभवन होते, आणि त्यांखाली मी मोठ्या उत्साहाने लिहिले होते: ‘योगी श्रीअरविंदांनी स्थापिलेले गंगनाथ विद्यालय.’ पुढे एका सभेत हेच वाक्य मी व्याख्यानातही सांगितले. सभा संपल्यावर एक वयोवृद्ध निवृत्त शिक्षक माझ्याजवळ आले. फार मृदू स्वरात त्यांनी विचारले, “शास्त्रीबुवा, कशावरून?” मी म्हणालो, “गुरुजी, सगळेच तसे म्हणतात.” ते हसले व म्हणाले, “तुमच्या न्यायशास्त्रात ‘सगळेच म्हणतात’ हे प्रमाण कितवे?”

मी निरुत्तर झालो. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही चार प्रमाणे मुलांकडून घोकून घेणारा मी, आणि ‘ऐकीव’ हे पाचवे प्रमाण मी नकळत स्वीकारून बसलो होतो! टीकाकार मल्लिनाथाने आपल्या टीकेच्या आरंभीच प्रतिज्ञा केली आहे की, ज्याला मूळ नाही असे आपण काही लिहिणार नाही व अनपेक्षित काही बोलणार नाही. रघुवंश शिकवताना ही प्रतिज्ञा मी दरवर्षी मुलांना समजावून देतो. फलक रंगवताना मात्र ती मला आठवली नाही.

आता ही शाळा कोणती, हे तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. चांदोद आपणा सर्वांना परिचित आहे. पर्वणीला स्नानासाठी व पितृकार्यासाठी बडोद्याची किती कुटुंबे तेथे जातात! तेथे नर्मदामाईच्या तीरावर गंगनाथ महादेवाचे स्थान आहे. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात या स्थानाचे नाव घेऊन एक राष्ट्रीय शिक्षणाची शाळा निघाली. ‘गंगनाथ भारतीय सर्वविद्यालय’ असे तिचे भारदस्त नाव होते. ती पुढे बडोद्यात आली. तिचे प्रवर्तक बॅरिस्टर केशवराव गणेश देशपांडे. केंब्रिजमध्ये श्रीअरविंदांशी त्यांचा स्नेह जडला होता. १८९३ साली मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’चे संपादन त्यांच्याकडे असताना त्यांनीच आग्रह करून अरविंदांकडून काँग्रेसच्या भिक्षांदेही राजकारणावर ती प्रखर, बिननावाची लेखमाला लिहवून घेतली, जिने न्यायमूर्ती रानड्यांसारखे धीराचे पुरुषही अस्वस्थ झाले. तेच केशवराव पुढे गायकवाडांच्या चाकरीत बडोद्यास आले. अरविंद १८९३ ते १९०६ बडोद्यात होते. तेव्हा दोघांची गाठ येथे पुन्हा पडली.

तो काळही लक्षात आणावा. ज्या राज्यात १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व मुलखात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, त्या राज्यात शाळांची वाण नव्हती. वाण होती ती निराळ्या शाळेची. इंग्रजी वर्गात न मिळणारा स्वधर्माचा संस्कार, संस्कृत, हाताचे काम आणि देशाभिमान हे सारे एका ठिकाणी द्यावे, असा ध्यास त्या पिढीला लागला होता. वंगभंगानंतर बंगालात जे घडत होते त्याचाच हा नर्मदातीरावरचा पडसाद होय.

मग श्रीअरविंदांचा संबंध कितपत? माझ्या फलकाचा प्रश्न हाच होता. मी शोधू लागलो तेव्हा पहिली गोष्ट हाती आली ती अशी की, प्रत्यक्ष श्रीअरविंदांनाच आपल्या चरित्रकारांच्या चुका दुरुस्त कराव्या लागल्या होत्या! त्यांच्या हयातीत लिहिल्या गेलेल्या चरित्रांवर त्यांनी टिपणे लिहून ‘असे घडले नाही, असे घडले’ म्हणून सांगितले आहे. ही टिपणे छापलेली आहेत व ती वाचताना माझी मान खाली गेली. ज्यांचे नाव मी भक्तीने फलकावर चढवले, ते स्वतः आपल्याविषयीच्या भक्तीच्या अतिशयोक्तीला असे काटेकोरपणे छाटीत होते. १९०५ मधील ‘भवानी मंदिर’ या पत्रकाविषयी ते लिहितात की, लेखणी आपली होती, पण ती कल्पना आपल्यापेक्षा बंधू बारींद्रची अधिक होती. स्वतःच्या हातच्या लेखाचेही श्रेय वाटून देणारा हा पुरुष. त्याला मी एक अख्खी शाळा परस्पर अर्पण करून टाकली होती.

याच टिपणांत चांदोदचा एक प्रसंग आहे. त्यावर थोडे थांबतो, कारण ऐतिहासिक साधन कसे वाचावे याचा याहून चांगला पाठ मला कोठे मिळाला नाही. गंगनाथास स्वामी ब्रह्मानंद नावाचे थोर योगी राहत. अरविंद त्यांच्या दर्शनास गेले होते. ब्रह्मानंदांचे वय किती, याविषयी लोकांत मोठे कुतूहल होते. एकदा त्यांचा दात दुखत असता कोणी भक्ताने त्या काळी प्रचारात असलेली एक दंतौषधीची बाटली त्यांना दिली. स्वामींनी ती नाकारली. आपले औषध एक नर्मदेचे पाणी, आणि हा दात म्हणाल तर भाऊगर्दीच्या दिवसांपासून दुखतो आहे, अशा अर्थाचे ते बोलले. झाले! स्वामी पानिपतचे, एवढेच नव्हे तर स्वामी म्हणजे साक्षात् सदाशिवरावभाऊच, अशी वदंता उठली. श्रीअरविंदांनी ही कल्पना निराधार म्हणून बाजूला सारली आहे. परंतु स्वामींच्या सत्यनिष्ठेविषयी त्यांना शंका नव्हती.

आता मराठी वाचकाने येथे थबकावे. त्या इंग्रजी टिपणात ‘भाऊगर्दी’ हे जणू सदाशिवरावभाऊंचेच नाव आहे असे धरले गेले आहे. आपल्याला ठाऊक आहे की, भाऊगर्दी हे माणसाचे नाव नव्हे, ती घटना आहे. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतावर भाऊसाहेबांच्या वेळी जी दाणादाण उडाली ती भाऊगर्दी. आणि पुढे तर तो शब्द आपल्या घरगुती बोलीत इतका रुळला की कसल्याही झुंबडीला आपण भाऊगर्दी म्हणतो. बंगाली पित्याच्या पोटी जन्मलेल्या, बालपणापासून विलायतेत वाढलेल्या पुरुषाला या शब्दाची ही छटा ध्यानात आली नाही तर त्यात दोष नाही. पण आपण तेवढे ध्यानात घेतले तर वाक्याचे रूप पालटते. ‘मी भाऊ आहे’ असे स्वामी म्हणालेच नाहीत. ते कालाची एक खूण सांगत होते. ती अक्षरशः घ्यावी की ‘फार फार जुने दुखणे’ अशा अर्थाने विनोदात घ्यावी? योग्यांच्या आयुर्मर्यादेविषयी मी येथे मत देत नाही, तो माझा अधिकार नव्हे. मला एवढेच दिसते की, आप्तवाक्य शुद्ध असूनही श्रोत्याच्या कानात ते बदलू शकते. नैयायिक आप्ताचे लक्षण सांगतात, ‘यथार्थ बोलणारा’. यथार्थ ऐकणाऱ्याचे लक्षण मात्र कोणी फारसे सांगत नाही! भाऊसाहेबांच्या नावाने महाराष्ट्रात आधीच एक तोतया निघाला होता. ते बंड १७७६ साली मोडले. मेलेला भाऊ परत यावा ही मराठी मनाची तळमळ इतकी खोल होती की, दीडशे वर्षांनी नर्मदातीरावर एका संन्याशाच्या दातदुखीतही ती भाऊला शोधीत राहिली.

पुढे ब्रह्मानंदांच्या देहावसानानंतर त्यांच्या स्थानी केशवानंद असतानाही अरविंद गंगनाथास गेले होते, असे त्यांच्याच टिपणांवरून समजते. तेव्हा गंगनाथाचे स्थान त्यांना प्रिय होते, केशवराव त्यांचे जिवलग होते, आणि ‘भवानी मंदिरा’तला भाव व या शाळेचा भाव एकाच मातीतला होता, इतके निश्चित. परंतु मला जी साधने वाचावयास मिळाली, त्यांत शाळेचा भार वाहणारे नाव केशवराव देशपांड्यांचे आहे. थोर नाव पुढे आले की त्याच्या छायेत दुसरे, खपलेले नाव झाकले जाते. माझ्या फलकाने श्रीअरविंदांचा काही गौरव वाढला नव्हता. केशवरावांचे ऋण मात्र बुडाले होते.

आता शाळेच्या आतल्या जीवनाकडे वळू. १९१० साली येथे एक पंचविशीचा तरुण आचार्य म्हणून आला. साताऱ्यास जन्मलेला, फर्ग्युसनमध्ये शिकलेला, मुंबईच्या ‘राष्ट्रमत’ पत्रात काम केलेला दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. या शाळेत एक गोड प्रघात होता. विद्यार्थ्यांनी गुरुजनांना ‘सर’ किंवा ‘मास्तर’ म्हणावयाचे नाही. शाळा हे घर, म्हणून शिक्षक हे घरातले वडीलधारे. कोणी काका, कोणी मामा. दत्तात्रेय कालेलकर ‘काका’ झाले. विठ्ठल लक्ष्मण फडके ‘मामा’ झाले. शाळा गेली, पण ही नाती सुटली नाहीत. मामा फडके पुढे गांधीजींच्या छायेत गोधऱ्यास राहिले आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांच्या सेवेत त्यांनी हयात घालवली. गुजराथ त्यांना शेवटपर्यंत मामासाहेब म्हणूनच ओळखीत असे. आणि काकांचे तर काय सांगावे! शांतिनिकेतन, साबरमती, गुजरात विद्यापीठ, १९५३ चा मागासवर्ग आयोग, १९६४ चे पद्मविभूषण, या सर्व वाटेवर ते ‘काकासाहेब’च राहिले. १९८१ साली ते निवर्तले तोपर्यंत अवघा देश त्यांना या नात्याने हाक मारीत होता, आणि ती हाक मुळात कोणत्या अंगणातली हे फार थोड्यांना ठाऊक होते.

सज्जनहो, मला वाटते, गंगनाथ विद्यालयाचा सर्वांत बळकट शिलालेख हाच आहे. इमारत नाही, घंटा नाही, हजेरीपट समोर नाही. पण दोन माणसांच्या नावांवर त्या शाळेचा शिक्का उमटून राहिला आहे. कागद जळतो, दगड फुटतो, पण हाक मारण्याची सवय टिकते. इतिहासाचे साधन म्हटले की आपण पोथी, ताम्रपट, दफ्तर यांकडे पाहतो. नावाकडेही पाहावे. आपल्या घरांतील आडनावे, गल्ल्यांची व वाड्यांची नावे, एखाद्या आजोबांना सारा मोहल्ला ‘पंतोजी’ म्हणत असे ही आठवण, हीदेखील साधनेच होत.

शाळेच्या अंताविषयी बोलताना निराळ्याच प्रकारच्या साधनांशी गाठ पडते, ती म्हणजे विरोधकाची साक्ष. १३ नोव्हेंबर १९०९ रोजी अहमदाबादेत व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांच्यावर बाँब टाकण्याचा प्रयत्न झाला, तेव्हापासून गुजराथवर सरकारची नजर वळली. याच सुमारास ‘वनस्पतीनी दवाओ’ असे सोज्वळ नाव धारण केलेले बाँबकृतीचे गुजराथी पुस्तक बडोदे राज्यात निपजले. झाडपाल्याच्या औषधांचे नाव पाहून कोणी वैद्यही ते विकत घेता! १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात सयाजीराव महाराजांचा मुजरा रीतीप्रमाणे झाला नाही, त्यांनी बादशहाकडे पाठ फिरवली, असा गिल्ला विलायतेपर्यंत झाला आणि महाराजांना व्हाइसरॉयकडे खुलासा करावा लागला. अशा वेळी राज्यात ‘राष्ट्रीय’ म्हणवणारी शाळा चालू राहणे किती कठीण, हे सांगावयास नको. सरकारी रोषाने गंगनाथ विद्यालय बंद पडले.

या काळाचे पुष्कळसे ज्ञान आपल्याला पोलिसांच्या व रेसिडेंटाच्या कागदांतून होते. ‘भवानी मंदिर’ पत्रकच घ्या. १९१८ च्या रौलट समितीने राजद्रोहाचा पुरावा म्हणून त्याची चर्चा केली. अशा रीतीने ज्यांनी ते विझवावयाचे होते त्यांनीच त्याचे रक्षण केले. हे कागद वाचताना एक नियम मी स्वतःला घालून घेतला. शत्रूच्या लेखातले वर्णन तपासून घ्यावे, पण त्यातली तारीख, ठिकाण व नाव फेकून देऊ नये. भीती वाटणारा माणूस वर्णन फुगवतो, पण तारीख मात्र बहुधा जपून लिहितो. मंडनमिश्रांचा पूर्वपक्ष ऐकल्यावाचून आचार्यांचा सिद्धान्त उभा राहिला नाही, हे आपल्या संप्रदायात कोणास सांगावे?

उलट, आपल्या माणसाची आठवण प्रेमाने खरी असते, पण तिला दिवसाचे भान कमी असते. काकासाहेबांचेच पाहा. शाळा बंद पडल्यावर ते विरक्तीने हिमालयाकडे निघून गेले, पायी हिंडले, आणि त्या प्रवासाचे सुंदर पुस्तक पुढे काही वर्षांनी, आश्रमवासात, गुजराथीत लिहिले. त्यात देवदारांचा वास आहे, गंगेचा घोष आहे. पण बडोद्याच्या शाळेला कुलूप कोणत्या तिथीस लागले हे सांगण्यासाठी ते पुस्तक लिहिलेलेच नाही. साधनाला जे विचारावयाचे नसते ते विचारले की ते उत्तर देत नाही, किंवा वाईट म्हणजे आपल्याला हवे ते उत्तर देते.

चरित्रसंक्षेपांतून शाळा १९१२ साली बंद झाली असे सामान्यतः छापलेले आढळते. हा आकडाही मी प्रथम जसाच्या तसा उचलला होता. पण ‘कशावरून?’ हा प्रश्न आता पाठ सोडीत नव्हता. मग अनुमानाची जोडणी केली. हिमालययात्रा १९१२ ची, आणि आचार्य शाळा चालू ठेवून हिमालयात जाणार नाही. म्हणून अंत यात्रेच्या आधीचा. दरबाराचा गिल्ला १९११ च्या डिसेंबरातला. शेवटचा धक्का त्याने दिला असेल तर शाळेचा अंत त्या हिवाळ्याच्या आसपासचा ठरतो, आणि १९१२ शी तो जुळतो. पण ‘असेल तर’ हे शब्द मी गाळणार नाही. मिंटोवरील बाँबपासून दाब चालूच होता. गुरुजींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “आता तुम्ही शास्त्री शोभता!” ही पावती मला परीक्षेच्या दक्षिणेहून मोठी वाटली.

पुढचे काम मोठे आहे. बडोदे राज्याच्या हुजूर पोलिटिकल कचेरीची दफ्तरे येथेच, राज्य अभिलेखागाराच्या बडोदे शाखेत आहेत. रेसिडेंटाच्या बाजूचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. एकच पत्र पाठवणाऱ्याच्या दफ्तरात मसुदा म्हणून व घेणाऱ्याच्या दफ्तरात अस्सल म्हणून सापडते, आणि मसुद्यातल्या खोडलेल्या ओळी पुष्कळदा अस्सलाहून अधिक बोलतात. दरवर्षी छापले जाणारे राज्याचे कारभारअहवाल आहेत, १९२३ चे गोविंदभाई हाथीभाई देसाई व क्लार्क यांचे दोन भागांतील गॅझेटियर आहे. परंतु एक गोष्ट विसरू नये. सरकारी अहवाल हा सरकारी पैशाचा हिशेब असतो. ज्या शाळेला सरकारचा पैसा नको होता, तिच्यासाठी तेथे फार जागा असेल अशी आशा धरणे भाबडेपणाचे होईल.

म्हणूनच आपणा भाविकांकडे माझी एक याचना आहे. बडोद्यातील जुन्या मराठी व गुजराथी घरांत माळ्यावर, देवघराच्या फडताळात, पत्र्याच्या पेटीत जुने कागद असतात. श्राद्धपक्षात आवराआवर होते तेव्हा ते रद्दीत जातात. आजोबांचा शाळेचा दाखला, वडिलांना आलेले एखादे पत्र, वहीच्या कव्हरावर शाळेचे नाव, चांदोदला काढलेले छायाचित्र, काहीही असो, टाकू नका. त्यावर गोंद लावू नका, प्लॅस्टिकचे आवरण वितळवून चिकटवू नका, शाईच्या अक्षरांवर पेनाने पुन्हा गिरवू नका. पाठशाळेत आणा. मी तुमच्यासमोर त्याचे छायाचित्र घेईन आणि मूळ कागद तुमच्याच हाती परत देईन. कागद कोणाच्या घरातून, कोणत्या तारखेस पाहिला, हेही लिहून ठेवीन, म्हणजे उद्या कोणी मला ‘कशावरून?’ विचारले तर उत्तर हाताशी असेल.

आपल्यांतील वयोवृद्धांनाही विनंती आहे. त्या शाळेत शिकलेले आज कोणी असणे शक्य नाही, पण शिकलेल्यांचे नातू-पणतू असतील. आजोबांनी जे सांगितले ते सांगा, आणि ‘आजोबांनी सांगितले’ असेच सांगा. स्वतः पाहिल्यासारखे सांगू नका. एवढी एक मर्यादा पाळली तर ऐकीव गोष्टही उपयोगी पडते.

राहिला तो फलक. गेल्या चातुर्मासात मी तो उतरवला. काही भक्तांना वाईट वाटले. एक माउली तर मला म्हणाल्या, “शास्त्रीबुवा, आमच्या गावाकडून एवढे मोठे नाव का काढून घेता?” मी त्यांना ओसरीवर बसवले आणि केशवरावांची, काकांची, मामांची हकीकत सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मग यांची नावे लिहा की.” तशी ती लिहिली. आता त्या ओळीत असे आहे: ‘गंगनाथ विद्यालय. प्रवर्तक केशवराव देशपांडे. १९१० पासून आचार्य काका कालेलकर. श्रीअरविंदांच्या स्नेहमंडळातून उदयास आलेले.’ शेवटच्या सालाची जागा मी कोरी ठेवली आहे. खालचा जुना रंग पूर्ण झाकला गेलेला नाही. सकाळचे ऊन तिरपे पडले की पूर्वीची अक्षरे अंधुक दिसतात. मुले विचारतात, आणि मी त्यांना माझी चूक सांगतो.